राजकारणापासून चार हात लांब राहणारे आर्चबिशप रोमेरो सत्ताधाऱ्यांना का खुपले?

२४ मार्च १९८०. संध्याकाळचे साडेसहा वाजत आले होते. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर या छोट्या देशाच्या राजधानीत, एका कॅन्सर रुग्णालयाच्या चॅपलमध्ये मिस्सा सुरू होती. आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांचं प्रवचन नुकतंच संपलं होतं. तेवढ्यात बाहेर थांबलेल्या गाडीतून एक गोळी सुटली आणि रोमेरो वेदीपाशीच कोसळले. ते ६२ वर्षांचे होते.

गंमत म्हणजे जेमतेम तीन वर्षांपूर्वी रोमेरो आर्चबिशप झाले, तेव्हा देशातले बडे जमीनदार खूश होते. हा माणूस सरकारला त्रास देणार नाही, याची त्यांना खात्री होती. मग या तीन वर्षांत असं काय घडलं?

देवळाबाहेर न बघणारा धर्मगुरू

रोमेरो यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१७ चा, सिउदाद बारिओस या डोंगराळ गावातला. वडील तारघरात कामाला. लहानपणी ऑस्कर काही काळ सुतारकाम शिकला. पण ओढ चर्चची होती. पुढे रोममध्ये शिक्षण झालं आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. मायदेशी परतल्यावर वीसेक वर्षं त्यांनी सान मिगेल शहरात काम केलं. ते गरिबांना मदत करायचे, श्रीमंतांकडून देणग्या घ्यायचे. पण गरीब गरीब का आहेत, हा प्रश्न चर्चने विचारावा असं त्यांना तेव्हा वाटत नव्हतं.

देशात मात्र तोच प्रश्न पेटला होता. कॉफी, कापूस आणि ऊस पिकवणारी बहुतेक चांगली जमीन मूठभर घराण्यांच्या ताब्यात होती. १९३२ मध्ये शेतकऱ्यांनी उठाव केला, तेव्हा लष्कराने हजारो माणसं मारली. त्यानंतर सत्ता लष्कराच्याच हातात राहिली.

मुक्तीचं धर्मशास्त्र म्हणजे काय?

१९६८ मध्ये कोलंबियातल्या मेडेलिन शहरात लॅटिन अमेरिकेतले बिशप एकत्र आले. गरिबी हे नशीब नाही आणि देवाची इच्छाही नाही, ती माणसांनी केलेल्या व्यवस्थेतून येते, अशी भूमिका तिथे मांडली गेली. पाप फक्त एकट्या माणसाचं नसतं, अख्खी व्यवस्थाही पापी असू शकते, हा त्यातला मुख्य मुद्दा. १९७१ मध्ये पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी पुस्तक लिहून या विचाराची नीट मांडणी केली. यालाच लिबरेशन थिऑलॉजी, म्हणजे मुक्तीचं धर्मशास्त्र म्हणतात.

रोमेरो यांना हे सगळं संशयास्पद वाटायचं. यातून चर्चमध्ये मार्क्सवाद शिरेल, अशी भीती त्यांना होती. महाधर्मप्रांताच्या वृत्तपत्राचे संपादक असताना त्यांनी या विचाराच्या जेझुइट धर्मगुरूंवर टीकाही केली होती.

१९७४ मध्ये ते सांतियागो दे मारिया या कॉफीच्या पट्ट्यात बिशप झाले. तिथे तोडणीच्या हंगामात मजूर थंडीत उघड्यावर झोपायचे. रोमेरो यांनी त्यांच्यासाठी चर्चच्या इमारतींची दारं उघडली. १९७५ मध्ये नॅशनल गार्डने त्यांच्याच भागातल्या त्रेस काय्येस गावातल्या शेतकऱ्यांना ठार केलं. रोमेरो यांनी राष्ट्राध्यक्षांना निषेधाचं पत्र लिहिलं. पण ते खासगी पत्र होतं. जाहीरपणे ते काही बोलले नाहीत.

१२ मार्च १९७७

फेब्रुवारी १९७७ मध्ये रोमेरो सान साल्वाडोरचे आर्चबिशप झाले. तीन आठवडेही उलटले नसतील, तोच त्यांचे मित्र फादर रुतिलियो ग्रांदे यांची हत्या झाली. ग्रांदे ऊसमजुरांमध्ये काम करायचे. मिस्सेसाठी जाताना वाटेत त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला. सोबतचे एक वृद्ध आणि एक किशोरवयीन मुलगाही मारले गेले. रोमेरो त्याच रात्री तिथे पोहोचले आणि त्या तीन मृतदेहांसमोर त्यांनी मिस्सा केली.

मग त्यांनी दोन निर्णय घेतले. चौकशी होईपर्यंत सरकारी समारंभांना जायचं नाही. आणि पुढच्या रविवारी महाधर्मप्रांतातल्या सगळ्या मिस्सा रद्द करून कॅथेड्रलमध्ये एकच मिस्सा करायची. व्हॅटिकनच्या राजदूतांनी विरोध केला, तरी ते मागे हटले नाहीत. त्या दिवशी सुमारे एक लाख लोक जमले.

रविवारची यादी

त्यानंतर रोमेरो यांचं रविवारचं प्रवचन चर्चच्या रेडिओवरून देशभर ऐकलं जाऊ लागलं. आधी ते बायबलच्या त्या दिवसाच्या पाठाचा अर्थ सांगायचे. मग त्या आठवड्यात कोण मारलं गेलं, कोण बेपत्ता झालं, ते नावानिशी वाचून दाखवायचे. वर्तमानपत्रांत जे छापून येत नव्हतं, ते लोकांना मिस्सेत कळायचं. हे रेडिओ केंद्र बॉम्बस्फोटांनी अनेकदा बंद पाडलं गेलं.

चर्चने राजकारण करू नये, हा आरोप आता त्यांच्यावरच होऊ लागला. देशातल्या बहुतेक बिशपांनी रोमकडे त्यांच्या तक्रारी केल्या. यावर रोमेरो यांचं उत्तर १९७८ च्या त्यांच्या पत्रात सापडतं. शेतकऱ्यांना संघटना बांधण्याचा हक्क आहे आणि चर्चने त्या हक्काची बाजू घ्यावी, असं त्यांनी लिहिलं. पण चर्चने कुठल्याही संघटनेचं शेपूट होऊ नये, हेही त्यांनी तितकंच स्पष्ट केलं.

हे कागदावरच राहिलं नाही. १९७७ मध्ये डाव्या गनिमांनी परराष्ट्रमंत्र्यांचं अपहरण करून त्यांना मारलं. त्याचा सूड म्हणून उजव्या टोळीने फादर आल्फोन्सो नावारो यांना मारलं. रोमेरो यांनी मंत्र्याचा अंत्यविधी केला आणि फादर नावारोंचाही. गनिमांच्या हिंसेचा निषेध करायलाही ते कचरले नाहीत.

शेवटचे दिवस

फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांना पत्र लिहून लष्करी मदत थांबवायला सांगितलं. मदत थांबली नाही. २३ मार्चच्या प्रवचनात ते थेट सैनिकांशी बोलले. तुम्ही मारता ते शेतकरी तुमचेच भाऊ आहेत, देवाच्या आज्ञेविरुद्ध जाणारा हुकूम पाळायचं बंधन तुमच्यावर नाही, असं त्यांनी सांगितलं. लष्करी सत्तेच्या दृष्टीने ही बंडाची चिथावणी होती. दुसऱ्याच दिवशी त्यांना गोळी घालण्यात आली.

३० मार्चच्या अंत्ययात्रेतही स्फोट आणि गोळीबार होऊन अनेकांचा जीव गेला. त्यानंतर देश १९९२ पर्यंत गृहयुद्धात होरपळला आणि त्यात सुमारे ७५ हजार लोक मारले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ मध्ये हत्येचा आदेश माजी मेजर रोबेर्तो दाउबुइसोन यांनी दिल्याचा निष्कर्ष काढला. तोवर दाउबुइसोन यांचा मृत्यू झाला होता.

श्रद्धेसाठी की राजकारणासाठी?

रोमेरो यांना हुतात्मा म्हणायचं की नाही, यावर व्हॅटिकनमध्ये अनेक वर्षं प्रकरण अडून राहिलं. कॅथलिक परंपरेत हुतात्मा म्हणजे श्रद्धेच्या द्वेषातून मारला गेलेला माणूस. रोमेरो यांना मारणारेही स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत होते. त्यामुळे ही राजकीय हत्या आहे, असं अनेकांचं म्हणणं होतं.

२०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी निकाल दिला. रोमेरो श्रद्धेच्या द्वेषातूनच मारले गेले, असं चर्चने मान्य केलं. म्हणजे गरिबांची बाजू घेणं हा त्यांच्या श्रद्धेचाच भाग ठरला. १४ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना संतपद देण्यात आलं. त्या सोहळ्यात पोप फ्रान्सिस यांनी कमरेला रोमेरो यांचा दोर बांधला होता. मारले गेले त्या दिवशी रोमेरो यांच्या कमरेला असलेला तो दोर होता. त्यावर रक्ताचे डाग तसेच होते.