शिकवण्याआधी शिकलेली शिक्षिका : सावित्रीमाई फुले

दरवर्षी ३ जानेवारीला आपल्या वस्त्यांत सावित्रीमाईंच्या प्रतिमेला हार घातला जातो. भिडेवाडा, अंगावर फेकलेले शेण, सोबत नेलेली दुसरी साडी हे सारे आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्या शिक्षिका घडल्या कशा, हे आपण फारसे विचारत नाही. त्यांच्या धाडसाला प्रशिक्षणाची जोड होती. आजच्या शाळांकडे पाहताना हीच बाब सर्वात महत्त्वाची वाटते.

सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावचा. १८४० मध्ये जोतिरावांशी विवाह झाला तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. पहिले धडे जोतिरावांनी दिले. पण घरी लिहावाचायला शिकणे वेगळे आणि वर्गात शिकवणे वेगळे, हे दोघांनाही कळत होते. म्हणून सावित्रीमाईंनी अहमदनगरला मिस फरार यांच्या संस्थेत आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले. शूद्र म्हणून हिणवल्या गेलेल्या समाजातील एक स्त्री देशातील पहिल्या प्रशिक्षित भारतीय शिक्षिकांपैकी एक ठरली.

१८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. या कामापायी १८४९ मध्ये पतीपत्नींना घर सोडावे लागले. तरी १८५१-५२ मध्ये मुलींच्या आणखी शाळा निघाल्या आणि १८५२ मध्ये पुण्यात महार-मांग मुलांसाठीही शाळा सुरू झाली. सोबत फातिमा शेख होत्या. १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात सावित्रीमाईंनी त्यांची आठवण काढली आहे. आपण आजारपणामुळे माहेरी अडकलो असताना तिकडे फातिमावर कामाचा भार पडला असेल, याची काळजी त्यात दिसते.

याच पत्रात भावाशी झालेला वादही आहे. महारा-मांगांना शिकवून तुम्ही घराण्याला बट्टा लावता, असा भावाचा आक्षेप होता. सावित्रीमाईंनी त्याला विचारले की गाय-शेळीला तू कुरवाळतोस, नागपंचमीला नागाला दूध पाजतोस, मग तुझ्यासारख्याच माणसांचा विटाळ कसा मानतोस? समोर बसलेले मूल पूर्ण माणूस आहे, ही त्यांच्या शिकवण्याची पहिली अट होती.

अशा वर्गातून काय निघते, ते १८५५ मध्ये दिसले. फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्या धर्मात आम्हाला स्थान नाही तो आमचा कसा, असा सवाल त्या मुलीने केला. धडा पाठ करून घेणाऱ्या वर्गात असा निबंध जन्मत नाही. प्रश्न विचारू देणारा शिक्षक तिथे असावा लागतो.

पुढे १८८२ मध्ये जोतिरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळांतील शिक्षक बहुतेक ब्राह्मण आहेत, त्यांतले बरेच अप्रशिक्षित आहेत आणि त्यांचा पगारही तुटपुंजा आहे, हे त्यांनी मांडले. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो कष्टकरी समाजातून यावेत, गरज पडली तर नांगराला हात घालणारे असावेत, अशी त्यांची मागणी होती. शिक्षक कोण आहे आणि त्याची घडण कशी झाली, यावर वर्गातला न्याय ठरतो, हे त्यांनी सरकारला दीडशे वर्षांपूर्वी सांगितले होते.

१८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीमाई दवाखान्यात आल्या. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यानंतर काही वर्षांतच, त्यांच्याच सातारा जिल्ह्यात, भीमराव नावाचा विद्यार्थी वर्गाच्या कोपऱ्यात घरून आणलेल्या गोणपाटावर बसत होता. शिपाई नसला की त्याला पाणीही मिळत नसे. शाळेचे दार उघडले होते, पण शिक्षकाची नजर बदलली नव्हती. पुढे बाबासाहेबांनी जोतिरावांना आपल्या तीन गुरूंमध्ये स्थान दिले.

आज गोणपाट नाही. पण वस्त्यांत काम करताना मुलांकडून जे ऐकायला मिळते ते फार वेगळे नसते. आडनाव ऐकून जात ताडली जाते. शिष्यवृत्तीसाठी भर वर्गात नावे पुकारली जातात. झाडू ठरावीक मुलांच्याच हाती येतो. असे करणारे शिक्षक सगळेच दुष्ट नसतात. अनेकांना हा भेदभाव आहे हे कोणी शिकवलेलेच नसते. बी.एड.च्या अभ्यासक्रमात समावेशक शिक्षणाचा विषय आहे. मात्र आपल्याच मनातली जात ओळखण्याचा सराव झाला नाही, तर तो परीक्षेतल्या गुणांपुरताच उरतो.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापैकी जे डी.एल.एड. किंवा बी.एड. करत आहेत त्यांनी हा सराव आपल्या महाविद्यालयात मागावा. जे पालक आहेत त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीत जागा घ्यावी. शिक्षण हक्क कायद्याने तिथे तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्वही दिले आहे. शिक्षकांचे प्रशिक्षण झाले का, त्यात जातिभेदावर बोलले गेले का, हे बैठकीत विचारा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. येत्या ३ जानेवारीला हार घालण्याआधी आपल्या भागातल्या एका तरी शाळेत हा प्रश्न विचारलेला असू द्या.