फासे, पैज आणि पास्काल

दहावीच्या गणितात संभाव्यता नावाचे एक प्रकरण आहे. नाणे उडवले तर छापा पडण्याची शक्यता किती, फासा टाकला तर सहा पडण्याची शक्यता किती, अशी उदाहरणे आपली मुले गुणांसाठी सोडवतात. ह्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या दोघांपैकी एक जण ख्रिस्तसभेचा श्रद्धावंत पुत्र होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याचे नाव ब्लेझ पास्काल.

१९ जून १६२३ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ गावी त्याचा जन्म झाला. तो तीन वर्षांचा असतानाच आई वारली. वडील एतिएन ह्यांनी जिल्बेर्त, ब्लेझ आणि जाकलीन ह्या तिन्ही मुलांना स्वतः शिकवले. आधी भाषा पक्क्या व्हाव्यात म्हणून त्यांनी ब्लेझला गणितापासून दूर ठेवले होते. पण जिल्बेर्तने लिहिलेल्या चरित्रानुसार, बाराव्या वर्षी हा मुलगा जमिनीवर आकृत्या काढून आपली आपण भूमिती शोधताना सापडला! पुढे वडील रूआँ येथे करवसुलीचे अधिकारी झाले. त्यांची रात्रंदिवसाची आकडेमोड पाहून १६४२ साली त्याने बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र बनवायला घेतले. हुशारीचा पहिला उपयोग त्याने घरच्या माणसाचे ओझे हलके करण्यासाठी केला.

१६५४ साली शवालिए द मेरे नावाच्या जुगाराच्या शौकिनाने त्याच्यापुढे दोन कोडी ठेवली. एक फासा चार वेळा टाकला तर निदान एकदा सहा पडण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते. मग दोन फासे चोवीस वेळा टाकले तर निदान एकदा सहा-सहाची जोडी पडण्याची शक्यताही तेवढीच असायला हवी ना? त्रैराशिक तसेच सांगते: सहाला चार, तर छत्तीसला चोवीस. पण येथे त्रैराशिक चालत नाही. सहा न पडण्याची शक्यता दर खेपेस ५/६. चारही वेळा न पडण्यासाठी ५/६ चार वेळा गुणायचे, म्हणजे ६२५/१२९६. उरलेले ६७१/१२९६ हे यश, सुमारे ५२ टक्के. जोडीचा हिशेब ३५/३६ चोवीस वेळा गुणून केला, तर यश सुमारे ४९ टक्केच निघते. एका घटनेची शक्यता ही साधी संभाव्यता. अनेक घटना एकत्र घडण्याची ती संयुक्त. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या घटनांसाठी बेरीज नव्हे, गुणाकार करायचा, एवढी खूणगाठ मुलांनी बांधली तरी अर्धे प्रकरण सुटले.

दुसरे कोडे न्यायाचे होते. दोघांनी प्रत्येकी ३२ नाणी लावली. जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळी ६४. पहिला दोन डाव आणि दुसरा एक डाव जिंकला असताना खेळ मोडला, तर वाटणी कशी करावी? पास्कालने तुलूजच्या पिएर द फेर्मा ह्या न्यायाधीश-गणितज्ञाशी पत्रव्यवहार करून ती सोडवली. पुढचा डाव पहिला हरला तरी बरोबरी होऊन ३२ त्याचीच. उरलेल्या ३२ वर दोघांचा हक्क समान, म्हणून १६-१६. पहिल्याला ४८, दुसऱ्याला १६. संयुक्त संभाव्यताही हेच सांगते: दुसऱ्याला लागोपाठ दोन डाव जिंकायला हवेत, १/२ गुणिले १/२ म्हणजे १/४, आणि ६४ चा चौथा हिस्सा १६.

ह्यातला एक धडा मोठ्या माणसांसाठीही आहे. फाशाला स्मरणशक्ती नसते. दहा वेळा सहा पडला नाही म्हणून अकराव्या वेळी त्याची शक्यता वाढत नाही. आपला आकडा आता लागणारच, ह्या आशेवर मटक्यात घरखर्चाचे पैसे घालणाऱ्यांना हे कोणी तरी समजावून सांगायला हवे. आपल्या दहावीतल्या मुलाने सांगितले तर अधिक चांगले.

त्याच वर्षी, २३ नोव्हेंबरच्या रात्री, पास्कालला परमेश्वराचा उत्कट अनुभव आला. तो त्याने कागदावर टिपला आणि आपल्या अंगरख्याच्या अस्तरात शिवून घेतला. तो कागद सापडला तो त्याच्या मृत्यूनंतर. पुढे पोर-रोयाल मठाच्या बाजूने येशूसंघीयांवर टीका करणारी पत्रे त्याने लिहिली, आणि १६५७ साली ती रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेली. तरीही तो ख्रिस्तसभेतच राहिला. त्याच्या जन्माला चारशे वर्षे झाली त्या दिवशी, १९ जून २०२३ रोजी, स्वतः येशूसंघीय असलेल्या पोप फ्रान्सिस ह्यांनी खास प्रेषितीय पत्र लिहून त्याच्या सत्यशोधनाचा गौरव केला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला पास्काल भेटला तो त्याच्या प्रसिद्ध पैजेमुळे. देव आहे असे धरून जगलो आणि तो असला, तर लाभ अनंत. नसला, तर तोटा मर्यादित. ही देवाच्या अस्तित्वाची सिद्धता नव्हे, आणि नुसत्या हिशेबाने कोणी श्रद्धावंत होत नाही, हे पास्कालही जाणून होता. उंबरठ्यावर घुटमळणाऱ्या माणसाला पाऊल उचलायला लावणे एवढाच तिचा हेतू.

त्याची खरी श्रद्धा आम्हांला त्याच्या अखेरच्या महिन्यांत दिसते. मार्च १६६२ मध्ये त्याच्या कल्पनेतून पॅरिसमध्ये पाच सू भाड्याच्या सार्वजनिक घोडागाड्या सुरू झाल्या. घरी त्याने एका गरीब कुटुंबाला आसरा दिला होता. त्यांच्या मुलाला देवी आल्या. पास्काल स्वतः आजारी होता, आणि त्याची शुश्रूषा करायला येणाऱ्या बहिणीला लहान मुले होती. त्या मुलाला बाहेर हलवणे सोपे होते. पास्कालने त्याला घरातच राहू दिले आणि आपणच बहिणीच्या घरी गेला. तेथेच १९ ऑगस्ट १६६२ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याने देह ठेवला.

पालकांनो, आज जेवणानंतर दोन नाणी घेऊन मुलांसोबत बसा. दोन्ही छापे पडण्याची शक्यता किती, ते त्यांना काढू द्या. मग त्यांना त्या देवी आलेल्या मुलाची गोष्टही सांगा.