मेंदूचा हिशेब मांडणारा जॉनी

मेमरी फुल, मेमरी कार्ड, मेमरी कमी पडतेय... हे शब्द तुम्ही रोज वापरता. पण एका निर्जीव वस्तूला स्मरणशक्ती असते असं आपण का म्हणतो, हा प्रश्न कधी पडलाय? त्याचं उत्तर शोधायला निघालात, तर वाटेत हमखास एक गोलमटोल, सुटाबुटातला, पार्ट्यांचा शौकीन गणितज्ञ भेटतो. जॉन व्हॉन न्यूमन. दोस्तमंडळींचा जॉनी.

२८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्टमधल्या एका श्रीमंत ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. मोठमोठे आकडे हा पोरगा तोंडी भागायचा, असं सांगतात. वडील बँकेतले, त्यांना गणितात पैसा दिसेना. मग याने काय करावं? एकीकडे झुरिकला केमिकल इंजिनीअरिंगची पदवी आणि दुसरीकडे बुडापेस्टमधून गणितात डॉक्टरेट, दोन्ही १९२६ सालीच! १९३० मध्ये तो अमेरिकेत प्रिन्स्टनला पोहोचला आणि तिथलाच झाला.

दुसऱ्या महायुद्धात तो अणुबॉम्बच्या कामात होता. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमधला प्लुटोनियमचा गोळा चहूबाजूंनी एकसारखा कसा दाबायचा, हे गणित मांडणाऱ्यांत त्याचा मोठा वाटा. त्यामुळे त्याला नुसता भोळाभाबडा शास्त्रज्ञ समजू नका.

आपल्या विषयाचं वर्ष मात्र १९४५. ‘एडव्हॅक’ या नव्या कॉम्प्युटरसाठी त्याने एक अहवाल लिहिला. (अहवालावर नाव फक्त त्याचं लागलं. त्यामुळे मूळ यंत्रावर राबणारे एकर्ट आणि मॉकली भडकले, आणि त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.) गंमत म्हणजे या अहवालात मशीनचे भाग ‘अवयव’ म्हणून येतात. माहिती साठवणारा भाग म्हणजे मेमरी. माहिती आत घेणारा भाग म्हणजे जणू डोळ्या-कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसा, बाहेर देणारा म्हणजे स्नायूंकडे जाणाऱ्या. कारण दोनच वर्षांपूर्वी मॅककलक आणि पिट्स या जोडीने एक कल्पना मांडली होती: मेंदूतली पेशी दिव्याच्या बटणासारखी चालू किंवा बंद असते असं धरलं, तर अशा पेशींच्या जाळ्यातून तर्कशास्त्र उभं राहतं. जॉनीने ती उचलली. तुमच्या लॅपटॉपची मूळ रचना आजही बरीचशी त्या अहवालातलीच आहे. आणि मुंबईकरांनो, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये १९६० च्या सुमारास सुरू झालेला ‘टिफ्रॅक’ही त्याच्याच प्रिन्स्टनच्या मशीनच्या घराण्यातला.

मग कॉम्प्युटर म्हणजेच मेंदू का? इथे जॉनी इतरांपेक्षा सावध निघाला. १९४६ मध्येच त्याने नॉर्बर्ट वीनरला पत्र लिहून कळवलं, की आपण अभ्यासाला सगळ्यात अवघड वस्तू निवडलीय, आधी एखादा विषाणू तरी नीट समजून घेऊ.

तरी विषय सुटला नाही. १९५६ च्या वसंतात येल विद्यापीठात कॉम्प्युटर आणि मेंदूवर व्याख्यानं द्यायची ठरली. त्याने टिपणं काढली, त्यात सरळ हिशेब मांडला. वेगात मशीनचे सुटे भाग मेंदूच्या पेशीच्या निदान दहा हजार पट पुढे. पण आकार आणि लागणारी ऊर्जा पाहिली, तर पेशी कितीतरी वरचढ. खरी गोम अचूकतेत होती. मशीन दहा-बारा अंकांपर्यंत बिनचूक मोजतं, पेशींचे संदेश मात्र जेमतेम दोन-तीन अंकांपर्यंत. एवढ्या ढोबळ आकड्यांनी लांबलचक गणित करायला गेलं, तर प्रत्येक पायरीला चूक वाढत जाते आणि उत्तराचा पार विचका होतो. मेंदूचा तर होत नाही! म्हणजे तो थोड्या पायऱ्यांत, एकाच वेळी असंख्य ठिकाणी काम करत असणार. त्याची आतली भाषा आपल्या गणिताची नसणारच, असा जॉनीचा निष्कर्ष.

ती व्याख्यानं झालीच नाहीत. १९५५ च्या ऑगस्टमध्ये कॅन्सरचं निदान झालं होतं. जानेवारीत व्हीलचेअर आली, एप्रिलमध्ये वॉल्टर रीड हॉस्पिटल. टिपणं तो सोबत घेऊन गेला. देशाची गुपितं त्याच्या डोक्यात होती, म्हणून खोलीवर लष्कराचा पहारा. भाऊ जर्मनमधून ‘फाउस्ट’ वाचून दाखवायचा, तेव्हा पुढच्या ओळी जॉनीला पाठ असायच्या. पण एकदा त्याने मुलीला, मरीनाला, आकडे विचारायला लावले. सात अधिक चार, असली सोपी बेरीज. त्याला ती जड जात होती. पोरीला ते बघवेना.

इथे जरा थांबा. गणित जात होतं, पण ते जातंय हे कळणारं, त्याने घाबरणारं कुणीतरी आत शाबूत होतं. त्याच्या टिपणांत वेग, आकार, ऊर्जा, चुका सगळं येतं. हे ‘कळणं’ कुठल्या रकान्यात टाकायचं?

आज आपल्याला माहीत आहे, की मेंदूत सुमारे ८६ अब्ज पेशी असतात. २०१३ ते २०२३ अशी दहा वर्षं युरोपात मेंदूचा मोठा प्रकल्प चालला. मेंदूचे नकाशे झाले, साधनं तयार झाली, पण सगळा मानवी मेंदू काही कॉम्प्युटरवर उभा राहिला नाही. उद्या राहिला, तर त्याला बेरीज चुकल्याची भीती वाटेल? काहींच्या मते जोडण्या हुबेहूब असतील तर वाटायलाच हवी. जॉन सर्ल या तत्त्वज्ञाचं म्हणणं उलट: कॉम्प्युटरवर वादळाचं मॉडेल चालवलं म्हणून कुणी भिजत नाही. मला सर्लचा दाखला आवडतो, पण पुरता पटत नाही. कॉम्प्युटरवर केलेली बेरीज तर खरीखुरी बेरीजच असते ना! मग जाणीव पावसासारखी की बेरजेसारखी? तुम्हीच भांडा यावर.

८ फेब्रुवारी १९५७ रोजी जॉनी गेला, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी. त्याची बायको क्लारा स्वतः एनिॲकसाठी प्रोग्रॅम लिहिणारी. तिच्या प्रस्तावनेसह १९५८ मध्ये ती टिपणं ‘द कॉम्प्युटर अँड द ब्रेन’ या नावाने छापली गेली, अपुरी होती तशीच. पुस्तक छोटंसं आहे. हातात आलं तर पहिला भाग चाळा आणि मेंदूचा भाग सावकाश वाचा.