विस्मरणाचे माप : हेर्मान एबिंगहाउस

प्रायोगिक मानसशास्त्राचा इतिहास सांगताना १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी लायप्झिग येथे सुरू केलेल्या प्रयोगशाळेचा उल्लेख प्रथम होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच वर्षी एकोणतीस वर्षांचा एक जर्मन तरुण, ना प्रयोगशाळा ना मार्गदर्शक अशा अवस्थेत, घड्याळाच्या ठोक्यावर अर्थहीन अक्षरांच्या माळा पाठ करीत बसला होता, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. या तरुणाचे नाव हेर्मान एबिंगहाउस.

त्यांचा जन्म २४ जानेवारी १८५० रोजी ऱ्हाइन प्रांतातील बार्मेन येथे एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. वयाच्या सतराव्या वर्षी ते बॉन विद्यापीठात दाखल झाले. इतिहास आणि भाषाविद्या हे विषय त्यांनी आरंभी घेतले. पुढे मन तत्त्वज्ञानाकडे वळले. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात सैन्यात राहून ते परतले आणि १८७३ साली हार्टमान यांच्या अबोधविषयक तत्त्वज्ञानावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. यानंतरची काही वर्षे बर्लिन, इंग्लंड आणि फ्रान्स येथे स्वतंत्र अध्ययनात व शिकवण्यांत गेली. याच भ्रमंतीत जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांच्या हाती गुस्टाफ फेखनर यांचा मनोभौतिकीवरील १८६० चा ग्रंथ पडला. संवेदना मोजता येतात, त्यांना गणिताचे नियम लावता येतात, हे त्यात दाखविले होते. जुन्या बाजारात थोड्या मोलाने मिळालेल्या पुस्तकाने एवढी मोठी दिशा द्यावी, असे क्वचितच घडते.

फेखनर संवेदनेपाशी थांबले होते. स्मृतीसारखे उच्च मनोव्यापार प्रयोगाच्या कक्षेत येत नाहीत, असे खुद्द वुंट मानीत. एबिंगहाउस यांनी नेमका स्मृतीलाच हात घातला. अडचण अशी होती की, परिचित कविता पाठ करावी तर अर्थ, लय आणि जुने संस्कार मदतीला धावून येतात. मग शुद्ध पाठांतर किती आणि पूर्वसंस्कार किती, हे कसे कळावे? यावर त्यांनी दोन व्यंजनांमध्ये एक स्वर घालून सुमारे २,३०० अक्षरगट तयार केले, ते मिसळून त्यांच्या माळा केल्या आणि ठरावीक गतीने त्या वाचू लागले. माळ न चुकता म्हणता आली की वाचनांची संख्या व वेळ टिपायचा. काही काळाने तीच माळ पुन्हा पाठ करायची आणि या खेपेस किती श्रम वाचले ते पाहायचे. ही वाचलेली टक्केवारी म्हणजेच शिल्लक राहिलेली स्मृती. कल्पना इतकी साधी आहे की ती आधी कोणाला सुचली नाही याचेच नवल वाटते.

प्रयोग करणारे तेच आणि ज्याच्यावर प्रयोग तेही तेच. १८७९-८० मध्ये एकदा आणि १८८३-८४ मध्ये पुन्हा, असे दोन वेळा त्यांनी हे कंटाळवाणे व्रत पाळले. सात अक्षरगट एका वाचनात लक्षात राहत. बारांसाठी सुमारे १७, चोवीसांसाठी ४४ आणि छत्तिसांसाठी ५५ वाचने लागत. बायरनच्या काव्यातील ८० अक्षरांचे कडवे मात्र नऊएक वाचनांत पाठ होई. तेवढ्याच निरर्थक मजकुराला जवळजवळ दहापट श्रम पडत. पाठ केलेल्यापैकी वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के, तासाने ४४, दिवसाने ३४ आणि एका महिन्याने २१ टक्के शिल्लक राही. म्हणजे विस्मरण आरंभी वेगाने होते व पुढे मंदावते. आदल्या दिवशी सलग केलेल्या ६८ आवृत्त्यांचे काम तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी होते, हेही त्यांना आढळले. आपल्याकडे रोज तिन्हीसांजेला परवचा म्हणवून घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना याचे आश्चर्य वाटले नसते.

१८८५ साली हे सारे एका लहानशा ग्रंथात प्रसिद्ध झाले आणि पुढील वर्षी बर्लिन विद्यापीठात त्यांना दुय्यम प्राध्यापकपद मिळाले. १८९० मध्ये आर्थर कोनिग यांच्यासह त्यांनी मानसशास्त्र आणि इंद्रियविज्ञान यांना वाहिलेले नियतकालिक काढले; वुंट यांच्या गोटाबाहेरील संशोधकांना त्यामुळे व्यासपीठ लाभले. तरीही १८९४ साली बर्लिनचे मुख्य अध्यासन त्यांना न मिळता कार्ल श्टुम्फ यांना गेले. एबिंगहाउस यांचे प्रकाशित लेखन थोडे, हे कारण सांगितले जाते. विद्यापीठात वजन असलेले तत्त्वज्ञ डिल्टाय हेही श्टुम्फ यांच्या बाजूचे होते. पृष्ठसंख्येने विद्वत्ता जोखण्याची रीत जुनीच म्हणायची! एबिंगहाउस ब्रेस्लाउला गेले. डिल्टाय यांनी नैसर्गिक विज्ञानाच्या धर्तीवरील मानसशास्त्रावर हल्ला चढविला, तेव्हा त्यांनी आपल्या नियतकालिकात त्याला सडेतोड उत्तर दिले.

ब्रेस्लाउमध्ये शाळेच्या सलग तासांनी मुले किती थकतात, हा प्रश्न पुढे आला. त्यासाठी १८९७ मध्ये त्यांनी गाळलेल्या जागा भरून उतारा पूर्ण करण्याची कसोटी रचली. थकव्यापेक्षा मुलांच्या आकलनातील फरक तिने अधिक नेमका दाखविला, आणि आल्फ्रेड बिने यांनी पुढे आपल्या बुद्धिमापनात तिचा उपयोग केला. आज परीक्षेत रिकाम्या जागा भरणाऱ्या विद्यार्थ्याला याचा पत्ताही नसतो. मानसशास्त्रावरील आपला विस्तृत ग्रंथ त्यांनी फेखनर यांच्या स्मृतीस अर्पण केला.

१९०५ मध्ये ते हाले विद्यापीठात गेले. अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठाने १९०९ च्या समारंभासाठी त्यांना बोलावले होते. पण २६ फेब्रुवारी १९०९ रोजी फुफ्फुसदाहाने त्यांचे निधन झाले. वय अवघे एकोणसाठ.

त्यांच्यावर आक्षेपही आले. अर्थ काढून घेतल्यावर उरते ती जीवनातील स्मृती नव्हेच, असे १९३२ साली इंग्लंडमधील बार्टलेट यांनी बजावले, आणि त्यात तथ्य आहे. तथापि मोजणी चुकली असे कोणी दाखवू शकले नाही. २०१५ मध्ये अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा मांडला. एका व्यक्तीने सुमारे ७० तास तशाच माळा पाठ केल्या. आलेख बहुतांशी एबिंगहाउस यांच्यासारखाच उमटला. केवळ चोवीस तासांच्या बिंदूपाशी तो किंचित वर उचललेला दिसला.