सुरात बोलणारा तबला : उस्ताद अहमदजान थिरकवा

किनवट (प्रतिनिधी) - पोळा आणि गणेशोत्सव जवळ आले की पैनगंगेकाठच्या गावांतून वाद्यांची डागडुजी सुरू होते. पावसाळी दमट हवेने सैल पडलेली हलगी जाळावर शेकली जाते, ढोलकीच्या दोऱ्या ओढल्या जातात, बँडपथकातील ड्रमचे स्क्रू आवळले जातात. कातडे ताणले की आवाज वाढतो, ही समजूत सर्वत्र आढळते. मात्र नुसता ताण आणि नेमका सूर यांत मोठे अंतर आहे. हे अंतर आपल्या वादनातून मराठी नाट्यरसिकांच्या कानांवर बिंबविणारे कलावंत म्हणजे तबलानवाज उस्ताद अहमदजान थिरकवा.

अहमदजान यांचा जन्म १८९२ च्या सुमारास उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे झाला. घराण्यात संगीत परंपरेने चालत आलेले होते. वडील हुसेनबक्ष सारंगी वाजवीत. तालाचे पहिले धडे घरातील वडीलधाऱ्यांकडून मिळाल्यानंतर, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास ते मुंबईस उस्ताद मुनीरखाँ यांच्याकडे आले. अनेक घराण्यांची विद्या पदरी असलेल्या या गुरूकडे त्यांनी प्रदीर्घ काळ कठोर रियाज केला. तबल्यावर त्यांची बोटे थिरकताना पाहून गुरुगृहीच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना थिरकवा म्हणण्यास आरंभ केला, असे सांगितले जाते. पुढे हेच नाव त्यांची ओळख ठरले.

महाराष्ट्राच्या घराघरांत त्यांचे नाव पोहोचले ते नाटकामुळे. बालगंधर्वांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली आणि आपल्या गायनाला साजेशी साथ मिळावी म्हणून उत्तमोत्तम वादक पदरी ठेवले. सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवा, हा त्या वैभवाचा मानबिंदू होता. तबल्याची साथ ऐकण्यासाठीही जाणकार नाट्यगृहाकडे वळत.

त्या काळातील साथ किती कठीण होती, याची कल्पना आज येणे अवघड आहे. नाट्यगृहात ध्वनिवर्धक नव्हते. तबल्याचा प्रत्येक बोल शेवटच्या रांगेतील श्रोत्यापर्यंत पोहोचावा लागे, परंतु त्याने गाणाऱ्याचा नाजूक स्वर झाकला जाता कामा नये. हात जोराने मारून हे साधत नाही. उलट बोल फाटतो आणि कर्कश होतो. तबला गायकाच्या षड्जाशी तंतोतंत मिळालेला असेल, तरच हलक्या आघातानेही त्याचा नाद स्वच्छ उठतो आणि दूरवर जातो. त्यातच प्रत्येक गायक नटाची पट्टी वेगळी. उंच पट्टीसाठी लहान तोंडाचा आणि खालच्या पट्टीसाठी मोठ्या तोंडाचा तबला निवडावा लागतो.

तबला जुळविण्याची रीत सोपी दिसते, पण तिला कान लागतो. वादीखाली बसविलेले आठ लाकडी गट्टे हातोडीने खाली सरकविले की पुडीचा ताण वाढून सूर चढतो. ही झाली ढोबळ जुळणी. त्यानंतर पुडीभोवतीच्या गजऱ्यावर हलके ठोके देऊन सूक्ष्म जुळणी करावयाची. वरून ठोका दिला की सूर चढतो, खालून दिला की उतरतो. गजऱ्याची सोळा घरे असतात. एक घर जुळवले की त्याच्या समोरचे घर तपासावयाचे आणि अशा रीतीने पूर्ण वर्तुळ एका सुरात आणावयाचे. एखादे घर किंचित उतरलेले राहिले तरी किनारीवरचा बोल थरथरतो. डग्ग्याचे तंत्र वेगळे. त्याला घुमारा हवा; फार ताणला तर तो मरतो, फार सैल सोडला तर बोल विरतात. थिरकवांच्या डग्ग्याचा भरदार घुमारा आणि उजव्या हाताची निर्मळ किनार हा रसिकांच्या कौतुकाचा विषय होता.

तबला एखाद्या स्वराशी इतका का मिळू शकतो, याचे उत्तर शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी दिले. साध्या ताणलेल्या कातड्यातून उमटणारे उपनाद मूळ कंपनाच्या पूर्ण पटीत नसतात. पहिलाच उपनाद सुमारे १.५९ पट असतो. त्यामुळे साध्या ढोलाचा सूर निश्चित वाटत नाही. तबल्याच्या आणि मृदंगाच्या मध्यभागी असलेल्या शाईमुळे हे उपनाद पूर्ण पटीच्या जवळ येतात, हे रामन यांनी १९२० मध्ये मांडले आणि १९३४ च्या निबंधात विस्ताराने सिद्ध केले. थिरकवांच्या हातात जे अनुभवाने होते, त्याची उपपत्ती त्यांच्याच हयातीत प्रयोगशाळेत लागली.

हाच न्याय पाश्चात्त्य रॉक संगीतालाही लागू पडतो. लेड झेपेलिन या इंग्रज वाद्यवृंदाचा ड्रमवादक जॉन बोनहॅम (१९४८-१९८०) त्याच्या गडगडाटी आवाजासाठी ओळखला जातो. त्याचा पायाने वाजविण्याचा बास ड्रम २६ इंची होता. परंतु आवाज दाबण्यासाठी ड्रमवर कापड वा उशा लादण्याऐवजी तो ड्रम चांगला ताणून मोकळा घुमू देत असे. ड्रमचे स्क्रूही एकामागून एक न आवळता समोरासमोरच्या जोडीने आवळतात, म्हणजे पडदा सर्व बाजूंनी सारखा ताणला जातो. वाद्य वेगळे, संगीत वेगळे. पण आवाजाची ताकद जुळणीतून येते, हे सूत्र एकच.

गंधर्व मंडळीचे वैभव ओसरल्यानंतर १९३६ साली थिरकवा रामपूर दरबारात रुजू झाले. आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाझखाँ यांच्यासारख्या श्रेष्ठ गायकांना त्यांनी साथ केली. दिल्लीचा किनारीचा बाज आणि पूरबचा खुला बाज या दोहोंवर त्यांचे सारखेच प्रभुत्व होते, आणि स्वतंत्र तबलावादनाला मैफलीत मानाचे स्थान मिळवून देणाऱ्यांत त्यांची गणना होते. पुढे लखनऊच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. संगीत नाटक अकादमीच्या पुरस्कारानंतर १९७० साली त्यांना पद्मभूषण किताब लाभला. निखिल घोष, जगन्नाथबुवा पुरोहित, भाई गायतोंडे अशा शिष्यांनी त्यांची विद्या महाराष्ट्रात रुजविली. १३ जानेवारी १९७६ रोजी लखनऊ येथे त्यांचे निधन झाले.

आज गावोगावच्या वाद्यवृंदांत ऑक्टोपॅड आला आहे. कळ दाबताच हवा तो आवाज मिळतो आणि ध्वनिवर्धक तो कितीही मोठा करतो. सोय मोठी आहे, परंतु बेसूर वाद्य ध्वनिवर्धकावर अधिकच बेसूर ऐकू येते. किनवट परिसरातील जी मुले आज ढोल, तबला किंवा ड्रम हाती घेत आहेत, त्यांनी हात बसविण्याआधी कान तयार करावा. आवाज वाढविण्यापूर्वी सोळाही घरे तपासण्याची सवय त्यांना लागली, तर थिरकवांच्या विद्येचा काही अंश या मातीतही रुजेल.