सार्वजनिक काका आणि कायद्याचे आजचे विद्यार्थी

वकिली हा उपजीविकेचा व्यवसाय आहे आणि तसा तो असण्यात गैर काही नाही. परंतु ज्या व्यवसायाला न्यायमंदिराच्या गाभाऱ्यापर्यंत मुक्त प्रवेश असतो, त्याच्यावर इतर व्यवसायांहून काही अधिक जबाबदारी येते, हे सर्वच सुधारलेल्या समाजांनी मान्य केले आहे. ज्याला फी देता येत नाही त्याचीही बाजू न्यायासनापुढे मांडली गेली पाहिजे, ही ती जबाबदारी होय. ही कल्पना परदेशातून आलेली आहे असा समज अलीकडे कायद्याच्या विद्यार्थ्यांत रूढ होत आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तो समज निराधार आहे. ज्या वकिलाला लोकांनीच ‘सार्वजनिक’ ही पदवी दिली, त्या गणेश वासुदेव जोशी यांचे चरित्र डोळ्यांपुढे आणले तर विनामूल्य विधिसेवा म्हणजे काय आणि तिचा आरंभ कोठून करावा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्याच इतिहासात सापडतील.

गणेश वासुदेवांचा जन्म १८२८ साली साताऱ्यास झाला. तरुणपणी ते पुण्यास आले आणि सरकारी कचेरीत नोकरीस लागले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. तेव्हा विद्यापीठाच्या पदवीचे वलय त्यांच्याभोवती नव्हते. पुढे वकिलीची परीक्षा देऊन त्यांनी सनद मिळविली आणि पुण्याच्या न्यायालयांत त्यांचा चांगला जम बसला. एवढ्यावर समाधान मानून ते राहिले असते, तर आज त्यांची आठवण कोणी काढली नसती. परंतु वकिलीच्या धंद्यातील एक साधे तत्त्व त्यांनी न्यायालयाबाहेर नेले, आणि तेथेच त्यांच्या मोठेपणाला प्रारंभ झाला.

ते तत्त्व वकीलपत्राचे. पक्षकाराने सही करून अधिकार दिल्याखेरीज वकिलाला त्याच्या वतीने एक शब्दही बोलता येत नाही. पर्वती संस्थानच्या पंचांच्या कारभाराविषयी पुण्यात तक्रारी वाढल्या, तेव्हा लोकांच्या वतीने दाद मागायची कोणी आणि कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न उभा राहिला. त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. या सभेचा सभासद होण्यासाठी किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सहीचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आरंभीच्या पंचाण्णव सभासदांच्या पाठीशी सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. निवडणूक हा शब्दही ज्या काळी लोकांच्या परिचयाचा नव्हता, त्या काळी लोकांचा प्रतिनिधी म्हणवून घेण्यापूर्वी लोकांकडून तसा लेखी अधिकार घ्यावा, ही शिस्त एका वकिलाने सार्वजनिक जीवनात आणली. याच सभेमुळे गणेश वासुदेव हे ‘सार्वजनिक काका’ झाले.

सभेचे काम भाषणांपुरते राहिले नाही. १८७१ च्या अखेरीस महादेव गोविंद रानडे न्यायखात्यातील अधिकारी म्हणून पुण्यास आले आणि त्यांच्या व्यासंगाला काकांच्या कर्तृत्वाची जोड मिळाली. एकाने विचार करावा आणि दुसऱ्याने तो पायपीट करून अमलात आणावा, अशी ही जोडी होती. सभेने दख्खनच्या शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात निरनिराळ्या जिल्ह्यांत आपली माणसे पाठवून सभेने माहिती गोळा केली आणि ती वेळोवेळी सरकारपुढे मांडली. सरकारी कागदांतील चित्र आणि गावोगावची वस्तुस्थिती यांतील अंतर दाखविणे, हे त्या काळी मोठे धाडस होते. तेथे हाती निशाण घेण्यापेक्षा नोंदवही घेण्याची अधिक गरज होती.

काकांच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळच्या दिवाणी न्यायाची स्थिती लक्षात घेतली पाहिजे. सावकाराने पुढे केलेला कर्जरोखा शेतकऱ्याला वाचता येत नसे. दाव्याचे समन्स लागले तरी न्यायालय दूर, खर्च आवाक्याबाहेर. तेव्हा तो हजरच राहत नसे. मग एकतर्फी हुकूमनामा होई आणि जमीन जाई. मे १८७५ मध्ये सुप्याला उठलेल्या दंग्यात आणि त्यानंतर पुणे व नगर जिल्ह्यांत पसरलेल्या उठावात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि हुकूमनामे हुडकून जाळले, ही गोष्ट बोलकी आहे. त्यांचा राग कागदावर होता, कारण त्या कागदानेच त्यांना नागविले होते. सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा केला. काकांनी मात्र सरकारची वाट पाहिली नव्हती. उभय पक्षांच्या संमतीने, अल्प खर्चात आणि समजेल अशा भाषेत तंटे मिटावेत म्हणून त्यांनी पुण्यात लवाद न्यायालयाची चळवळ सुरू केली. ज्या वकिलाचा प्रपंच खटल्यांवर चालतो, त्यानेच खटले कमी करण्यासाठी झटावे, यातील नैतिक धैर्य सहज लक्षात येणारे आहे.

स्वदेशीच्या बाबतीतही त्यांनी आधी केले आणि मग सांगितले. १८७२ साली त्यांनी देशी हातसुताच्या कापडाखेरीज अन्य वस्त्र न वापरण्याचा निश्चय केला. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस राणी व्हिक्टोरियाच्या सम्राज्ञीपदाचा दरबार भरला, तेव्हा जरीच्या पोशाखांच्या त्या मेळाव्यात सभेचे प्रतिनिधी म्हणून काका खादीच्या जाड्याभरड्या वेशात वावरले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी १८७१ साली पुण्यात स्त्रीविचारवती सभा चालू केली. म्हणजे सार्वजनिक हा शब्द त्या घरात उंबरठ्याबाहेरच थांबला नव्हता.

काकांच्या वकिलीची खरी कसोटी लागली ती आयुष्याच्या अखेरीस. पुण्यातील लष्करी हिशेब खात्यात कारकून असलेल्या वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ च्या पूर्वार्धात सशस्त्र बंड केले. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याचा बुधवारवाडा आगीत भस्मसात झाला आणि सरकारच्या संशयाला सीमा उरली नाही. खुद्द रानड्यांची बदली धुळ्यास झाली. जुलैमध्ये फडके पकडले गेले आणि पुण्यात त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. त्यांचे आत्मचरित्र आणि रोजनिशी सरकारच्या हाती लागली होती, त्यामुळे निकाल काय लागणार याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. अशा आरोपीचे वकीलपत्र घेणे म्हणजे पैसा मिळण्याची आशा नाही, यशाची शक्यता नाही आणि सरकारच्या काळ्या यादीत नाव जाण्याची भीती मात्र पुरेपूर, असा तो मामला होता. सार्वजनिक काका फडक्यांच्या बचावासाठी उभे राहिले. काका सनदशीर मार्गाचे पुरस्कर्ते होते. अर्ज, सभा आणि लवाद ही त्यांची साधने. फडक्यांचा मार्ग त्यांचा नव्हता. तरीही आरोपी कितीही अप्रिय असो, त्याचा मार्ग आपणांस कितीही अमान्य असो, त्याला बचावाचा हक्क आहे, हे त्यांनी प्रत्यक्ष कृतीने दाखवून दिले. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. काका त्याआधीच, २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी निवर्तले होते. हा खटला ते हरले. परंतु वकिली व्यवसायाची प्रतिष्ठा त्यांनी ज्या उंचीवर नेऊन ठेवली, ती जिंकलेल्या शंभर खटल्यांनी नेता आली नसती.

आता आजच्या विद्यार्थ्याकडे वळू. काकांना जे स्वतःच्या हिमतीवर करावे लागले, त्याला आज राज्यघटनेचा आणि कायद्याचा आधार आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम घालून विनामूल्य विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरविले. १९७८ साली होसकोट यांच्या महाराष्ट्रातील प्रकरणात आणि १९७९ साली बिहारमधील हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांच्या या हक्कावर शिक्कामोर्तब केले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळू शकतो. इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेत तो मिळतो. तरीही हा हक्क ज्यांच्यासाठी आहे त्यांतील अनेकांना तो ठाऊक नसतो. कायदा आणि माणूस यांच्यामधली ही दरी भरून काढण्याचे काम विद्यार्थी करू शकतो.

संधी कोठे शोधावी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पहिली जागा स्वतःचे महाविद्यालय. विधी महाविद्यालयांतून विधी सेवा केंद्रे स्थापण्यास उत्तेजन द्यावे, असे १९८७ च्या अधिनियमातच सांगितले आहे. केंद्राच्या खोलीला कुलूप असेल तर प्राध्यापकांना भेटून आठवड्यातील एक दिवस निश्चित करावा आणि तो दिवस परीक्षेच्या काळातही चुकवू नये, यासाठी आपसांत पाळ्या लावाव्यात. दुसरी जागा जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २००९ च्या योजनेनुसार विधी स्वयंसेवक निवडून त्यांना प्रशिक्षण दिले जाते, आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही तो मार्ग खुला आहे. सचिवांच्या नावे साधा अर्ज लिहावा. त्यात आपल्याला कोणत्या भाषा येतात आणि आठवड्यात किती तास देता येतील, हे स्पष्ट असावे. तिसरी जागा म्हणजे विनामूल्य प्रकरणे चालविणारे ज्येष्ठ वकील, ग्राहक संघटना, कामगार संघ आणि स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्था. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवडे उमेदवारी करावीच लागते. त्यांतील काही आठवडे मोठ्या शहरातील कंपन्यांच्या वातानुकूलित कचेरीऐवजी येथे घालविता येतील.

काम कोणते करावे, याचे उत्तर काकांच्या नोंदवहीत आहे. विद्यार्थ्याला वकीलपत्र घेता येत नाही; ते सनद मिळाल्यावरच. परंतु हकीकत ऐकून तारीखवार लिहिणे, कागद क्रमाने लावणे, मुदत कधी संपते हे पाहणे, अर्जाचा मसुदा वकिलाच्या देखरेखीखाली तयार करणे, माहिती अधिकाराचा अर्ज लिहून देणे, योग्य कचेरीपर्यंत माणसाला पोहोचविणे, ही सारी कामे त्याला करता येतात. तुरुंगातील विधी सेवा केंद्रात तर एका साध्या गणिताला विलक्षण महत्त्व असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमानुसार, फाशी वा जन्मठेपेस पात्र असलेले गुन्हे वगळता, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्च्या कैदेत काढलेल्या व्यक्तीला, आणि पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्या व्यक्तीला एकतृतीयांश काळानंतर, सुटकेची तरतूद आहे. मात्र एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असल्यास तिचा लाभ मिळत नाही. अटकेची तारीख, कलम आणि दिवसांची बेरीज यांचा तक्ता करून तो प्राधिकरणाच्या वकिलाकडे देण्यास पदवी लागत नाही, चिकाटी लागते.

काही पथ्येही पाळली पाहिजेत. पैसा किंवा भेट घेऊ नये. निकालाची हमी देऊ नये. ऐकलेली हकीकत मित्रमंडळींत बोलू नये. आणि ठाऊक नसेल तेथे विचारून सांगतो असे म्हणावे. लोकन्यायालयात तडजोडीसाठी माणसाला नेताना तर विशेष जपले पाहिजे. लोकन्यायालयाच्या निवाड्यावर अपील नाही. सही करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक शर्त पक्षकाराला त्याच्या बोलीत समजावून सांगितली नाही, तर दीडशे वर्षांपूर्वीच्या कर्जरोख्याचीच ती नवी आवृत्ती ठरेल. दुबळा आणि सबळ यांच्यातील तडजोड ही नेहमीच न्याय्य असते असे नाही.

या सेवेकडे केवळ प्रमाणपत्राच्या दृष्टीने पाहण्याची वृत्ती वाढली आहे, अशी तक्रार ऐकू येते, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. एका शिबिरात भाषण करावे, छायाचित्र काढावे आणि परतावे, याने कोणाचेच भले होत नाही. परंतु त्यावरील उपाय विद्यार्थ्यांची निंदा करणे हा नव्हे. शिक्षकांनी आणि वकिलांनी त्यांच्या हाती खरे काम दिले, त्याची तपासणी केली आणि एकच प्रकरण अखेरपर्यंत पाहण्याची सवय लावली, तर प्रमाणपत्र आपोआप दुय्यम ठरेल. खर्च भागविण्यासाठी शिकता शिकता नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याकडून आठवड्यातील दोन तासांहून अधिकाची अपेक्षा करणेही योग्य नव्हे. ते दोन तास नियमित असावेत, एवढेच.

सार्वजनिक काकांनी लोकांसाठी बोलण्यापूर्वी पन्नास जणांच्या सह्या मागितल्या. त्या सह्या मिळविण्यासाठी पन्नास दारांशी जाऊन पन्नास गाऱ्हाणी ऐकावी लागत. कायद्याच्या विद्यार्थ्याने सनद हाती येण्यापूर्वी निदान तेवढी गाऱ्हाणी नीट ऐकून लिहून घेतली, तर पुढे त्याने वकीलपत्र कोणाचेही घेतले तरी आपण कोणासाठी उभे आहोत, याचे भान त्याला सहसा सुटणार नाही.