विश्लेषण : सांबार खरंच संभाजी महाराजांच्या नावाचे? तंजावरच्या सरफोजी राजांच्या स्वयंपाकघरातून शोध

बोरिवलीच्या गोराईत कोपऱ्यावरच्या उडुपी हॉटेलात बसा किंवा माटुंग्याला केळीच्या पानावर जेवा, इडली-वड्यासोबत सांबाराची वाटी येतेच. ती संपली की वेटर न विचारता पुन्हा भरतो. सोबत मोबाइलवर एक संदेशही फिरत असतो : सांबार हा मराठ्यांचा शोध, छत्रपती संभाजी महाराजांच्या नावावरून पडलेले नाव. यात तथ्य किती? आणि तंजावरच्या मराठी राजांनी दक्षिणेच्या जेवणासाठी खरोखर काय केले? याचे उत्तर सरफोजी राजे भोसले (दुसरे) यांच्या आयुष्यात सापडते.

आख्यायिका काय आहे?

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला मराठी राज्य स्थापन केले. त्यांचे पुत्र शहाजी राजे १६८४ मध्ये गादीवर आले. गोष्ट अशी सांगतात की, संभाजी महाराज तंजावरला पाहुणे म्हणून आले असताना आमटीसाठी आमसुले संपली. मग चिंचेचा कोळ घालून तुरीची डाळ शिजवली गेली आणि पाहुण्याच्या सन्मानार्थ तिला सांबार हे नाव मिळाले.

ती कितपत टिकते?

तारखा लावून पाहिल्या तर अडचण दिसते. शहाजी १६८४ मध्ये राजे झाले आणि फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले. म्हणजे या मेजवानीसाठी जेमतेम पाच वर्षे उरतात. त्याच काळात औरंगजेब दख्खनमध्ये तळ ठोकून होता. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा त्याने घेतला. अशा धामधुमीत तंजावरच्या पाहुणचाराची ही कथा लोकप्रिय असली, तरी तिला समकालीन कागदपत्रांचा भक्कम आधार नाही.

शब्दाचा मागही वेगळीकडे नेतो. संस्कृतात ‘संभार’ म्हणजे जमवलेले साहित्य. गुजरातीत मसाल्यासाठी याच्या जवळचा शब्द आहे. विदर्भात तर कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, म्हणूनच नागपूरकडची ती प्रसिद्ध वडी सांबारवडी. तेव्हा पदार्थाचे नाव व्यक्तीपेक्षा मसाल्याच्या जिनसांवरून आले असण्याची शक्यता जास्त वाटते.

मग सरफोजी राजे कुठे येतात?

आख्यायिकेला पुरावा नाही, पण तंजावरच्या मराठी स्वयंपाकघराचा लेखी पुरावा आहे. तो सरफोजींच्या काळातला.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. तंजावरचे तुळजाजी राजे यांना वारस उरला नव्हता. त्यांनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी भोसले घराण्यातल्याच या मुलाला दत्तक घेतले. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्याकडे त्याची जबाबदारी सोपवली. पण गादी गेली तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग यांच्याकडे. दत्तकविधान वैध की अवैध, यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या दरबारी वाद चालला. मुलाच्या सुरक्षिततेची काळजी वाटू लागल्यावर त्याला मद्रासला हलवण्यात आले. तिथे तो इंग्रजी शिकला. अखेर कंपनीने मत बदलले आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले.

राज्य मात्र वर्षभरच टिकले. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, ठरावीक तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे २२ वर्षे.

राज्य गेल्यावर त्यांनी काय मागितले?

तंजावर मुलुखातून रामेश्वरला जाणाऱ्या वाटेवर मराठी राजांनी अन्नछत्रे बांधली होती. यात्रेकरू तिथे उतरत, जेवत आणि पुढे निघत. कारभार कंपनीकडे गेल्यावर ही छत्रे बंद पडण्याची किंवा त्यांचा खर्च कापला जाण्याची भीती होती. सरफोजींनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला सविस्तर पत्र लिहिले आणि ती चालू राहावीत असा आग्रह धरला.

त्या पत्रातली छत्रांची व्यवस्था आजही थक्क करते. कोणत्याही जातीच्या वाटसरूला शिजवलेला भात मिळे. शिजवलेले अन्न नको असणाऱ्याला कोरडा शिधा दिला जाई. वाढप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असेल तर त्याला बोलावले जाई. आजारी प्रवाशांवर उपचार होत, लहान मुलांना दूध मिळे आणि गरोदर स्त्रियांची काळजी घेतली जाई. १८०२ मध्ये ओरत्तनाडूला सुरू झालेले मुक्तांबाळ छत्र सरफोजींच्याच काळातले.

सैन्य आणि महसूल हातचा गेलेल्या राजाने पंगत मात्र राखली. तंजावरच्या मराठी राजांचे दक्षिणेच्या जेवणाशी असलेले नाते इथे स्पष्ट दिसते.

स्वयंपाकघराचा लेखी पुरावा कोणता?

सरफोजींचे दुसरे मोठे काम म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय. नायक राजांच्या काळापासून चालत आलेला हा संग्रह त्यांनी प्रचंड वाढवला. १८२० ते १८२२ या काळात ते काशीयात्रेला गेले तेव्हाही हस्तलिखिते मिळवत होते. युरोपीय भाषांतली पुस्तके त्यांनी मागवली, वाचली. १८०५ च्या सुमारास किल्ल्यात देवनागरी छापखाना काढला. इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बाळबोध मुक्तावली’ तिथेच १८०६ मध्ये छापले गेले. धन्वंतरी महालात औषधांवर काम चाले आणि डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या जात.

हीच नोंदी ठेवण्याची सवय स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने ओळखले जाणारे मराठी हस्तलिखित याच ग्रंथालयात आहे आणि ते ग्रंथालयाने प्रसिद्धही केले आहे. राजवाड्यातले शाकाहारी, मांसाहारी आणि इंग्रजी पद्धतीचे पदार्थ त्यात नोंदले आहेत. तमिळ मुलुखात, मराठी भाषेत, युरोपीय पदार्थही लिहून ठेवणारे हे स्वयंपाकघर होते.

देवाणघेवाण आजच्या ताटातही दिसते. तमिळ घरांत कारले किंवा वांगे घालून ‘पिट्लै’ करतात. हे नाव आपल्या पिठल्याच्या जवळचे, पण पदार्थ डाळ, चिंच आणि खोबऱ्याचा. पुरणपोळी तिथे ‘पोळी’ किंवा ‘बोळी’ म्हणून ओळखीची आहे.

मग हॉटेलातले सांबार कोणाचे?

मुंबईत ते थेट तंजावरहून आलेले नाही. उडुपी-कारकळ भागातून आलेल्या हॉटेलवाल्यांनी ते इथे रुजवले. माटुंगा स्टेशनजवळ ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले. पुढे वस्ती उत्तरेकडे सरकत गेली तशी ही हॉटेले उपनगरांत पोहोचली. म्हणूनच मुंबईच्या सांबारात अनेकदा गुळाचा गोडवा असतो. तमिळ पद्धतीच्या सांबाराची चव त्याहून वेगळी लागते.

सरफोजी राजांचे निधन ७ मार्च १८३२ रोजी झाले. पुत्र शिवाजी राजे १८५५ मध्ये पुरुष वारस न ठेवता वारले आणि कंपनीने गादीच खालसा केली. तंजावरची मराठी बोलणारी कुटुंबे मात्र तमिळनाडूत आजही आहेत.

त्यामुळे सांबाराचा संदेश पुन्हा आला तर एवढे लक्षात ठेवावे : संभाजी महाराजांची मेजवानी ही आख्यायिका आहे. मध्यरात्री घंटा वाजवून उपाशी वाटसरूंना जेवायला बोलावणारी छत्रे आणि मराठीत लिहिलेले पाकशास्त्र यांना मात्र कागदाचा आधार आहे.